पहिल्या सिलिंडरवरचा अंगठा

१

रोज सकाळी साडेआठ वाजता चहाचा पेला विसळून पालथा घातला, की पंडित घरामागच्या शेडचे दार उघडीत, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला ते लावून घेत. गेल्या नऊ दिवसांत या शिस्तीत पाच मिनिटांचाही फरक पडलेला नव्हता. शेड म्हणजे तीन भिंती, डोक्यावर पत्रा आणि समोर दोन फळ्यांचे लाकडी दार. आत कामाचे टेबल, भिंतीवर मापाच्या क्रमाने टांगलेले पाने, आणि उरलेली सगळी जागा अडवून उभा असलेला त्यांचा ट्रक. पेट्रोलवर चालणारा, चार सिलिंडरांचा, सव्वीस वर्षांचा.

‘पंडित’ हे त्यांचे नाव नव्हे. शाळा चौथीतच सुटली. पुढचे सारे शिक्षण त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये, माल उतरेपर्यंतच्या फावल्या वेळात, जुन्या पुस्तकांवर केले. शब्दकोश त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचला होता. ही गोष्ट त्यांनी समोरच्या गॅरेजच्या मिस्त्रीला एकदा अभिमानाने सांगितली, आणि त्या दिवसापासून गल्लीने त्यांना पंडित करून टाकले.

या उन्हाळ्यात ट्रकच्या तेलात पाणी उतरले. तेल काढून पाहिले, तर ते साबणाच्या फेसासारखे पांढरे. हेड गॅस्केट गेले होते. हेड आणि ब्लॉक या दोन लोखंडी जबड्यांमध्ये बसणारा हा पातळ पत्रा. आग, पाणी आणि तेल या तीन भांडकुदळ शेजाऱ्यांना आपापल्या खोलीत ठेवणे एवढेच त्याचे काम. शिवाय टायमिंग चेनही खडखडत होती. इंजिनाच्या कोणत्या झडपेने कोणत्या क्षणी उघडायचे आणि मिटायचे, हे खालून वर सांगणारी ती साखळी ढिली पडली होती.

“घेऊन ये इकडे, चार दिवसांत देतो,” मिस्त्री म्हणाला.

“मी स्वतः करणार आहे. कारखान्याचं मूळ पुस्तक मिळालंय मला.”

“पुस्तक वाचून पोहता येतं का रे, पंडित?”

“आपण बुडतोय कशामुळे, ते तरी कळतं,” पंडित म्हणाले, आणि परतीचे दोर त्यांनी स्वतःच्या हाताने कापले.

त्यांच्या पत्नीला, म्हणजे माईंना, यात नवल वाटले नाही. त्यांच्या नवलाला आता दमही उरलेला नव्हता. अकरा वर्षांपासून त्यांना दमा होता. स्वयंपाकघरातून शेडपर्यंतच्या वीस पावलांत त्या दोनदा थांबत. औषधाचा फवारा सदैव हाताशी असे. श्वास घेताना त्यांच्या छातीत एक बारीक शिट्टी वाजे. पंडितांना त्या शिट्टीची इतकी सवय झाली होती, की झोपेत ती क्षणभर थांबली तरी त्यांना जाग येई. “येता हिवाळा जड जाईल,” असे डॉक्टरांनी दाराबाहेर, हळू आवाजात सांगितले होते. पंडितांनी दम्यावरची तीन पुस्तके वाचून काढली. त्यांत उतारा नव्हता. इंजिनाच्या पुस्तकात प्रत्येक बिघाडासमोर उपाय छापलेला होता, आणि म्हणूनच की काय, यंदा त्यांनी ते पुस्तक इतक्या निष्ठेने धरले.

२

हेड उतरले त्या दिवशी चारी सिलिंडरांची तोंडे उघडी पडली. आत धूळ जाऊ नये म्हणून पुस्तकातल्या सूचनेप्रमाणे पंडितांनी प्रत्येक तोंडात स्वच्छ चिंधीचा एकेक बोळा बसवला आणि बारा वाजता दार लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बोळे ठेवले तसेच होते. पहिल्या सिलिंडरातला बोळा चार बोटे आत गेला होता.

त्यांनी तो चिमट्याने वर काढला. बोळा ओला होता. त्याला तेलाचा वास नव्हता, पेट्रोलचाही नव्हता. ओला आणि कोमट. रात्रभर तोंडावर रुमाल घेऊन झोपलेल्या माणसाचा रुमाल सकाळी असतो, तसा.

इंजिन नऊ दिवस थंड होते. पंडितांनी बोळा टेबलावर ठेवला आणि क्रमाने विचार केला. ओल म्हणजे ब्लॉकच्या वाटांमध्ये साचून राहिलेले रेडिएटरचे पाणी. ऊब म्हणजे पत्र्यावरचे ऊन. मग त्यांनी वर पाहिले. पत्र्यावर ऊन यायला अजून अडीच तास होते.

त्यांनी बोळे बदलले. तिसऱ्याचा पहिल्यात, पहिल्याचा धुऊन तिसऱ्यात. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे हे अडाणीपणाचे लक्षण, असे त्यांचे ठाम मत होते. पुढच्या सकाळी तिसऱ्यातला बोळा कोरडा होता. पहिल्या सिलिंडरातला ओला, कोमट आणि चार बोटे आत.

“अगं, पहिल्या सिलिंडरात ओल येतेय,” जेवताना ते म्हणाले.

“आपल्या मागच्या भिंतीला बारा वर्षं ओल येतेय,” माई म्हणाल्या. मध्ये थांबून त्यांनी श्वास भरून घेतला. “तिच्याकडे तुम्ही एकदा तरी असं वाकून बघितलंत?”

३

तिसऱ्या दिवशी पंडितांनी विजेरी घेतली, बॉनेटखाली कमरेपासून ओणवे झाले आणि पहिल्या सिलिंडरात डोकावले. आत दिसण्याजोगे काही नव्हते. गुळगुळीत गोल भिंत, तळाशी पिस्टनचा काळवंडलेला माथा. आणि लगेच तेही दिसेनासे झाले, कारण त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, स्वतःचा श्वास जाणूनबुजून रोखला आणि पुन्हा वाकले. काच पुन्हा धुरकटली, मध्यापासून कडेकडे. मग हळूहळू निवळली. मग पुन्हा धुरकटली.

आणि शिट्टी ऐकू आली. अगदी बारीक, हवा जाताना लांबट, येताना तोकडी. ती शिट्टी पंडितांच्या ओळखीची होती.

“चहा,” माई म्हणाल्या.

त्या त्यांच्या मागे, शेडच्या दारात उभ्या होत्या. चौकटीला टेकून, वीस पावलांच्या श्रमाने छाती भरून आलेली. पंडितांना इतके हायसे वाटले की ते मोठ्याने हसले. शिट्टी माईंचीच. दुसऱ्या कुणाची असणार?

“काय झालं हसायला?”

“काही नाही. माणसाचं वय झालं की कान दिशा विसरतात.”

चहा पिताना मात्र त्यांच्या मनाने एक प्रश्न विचारलाच: माई मागे होत्या, मग आवाज पुढून का आला? कान दिशा विसरतात, हे उत्तर होते खरे. पण ते त्यांनी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

त्या दिवशी ते पहिल्यांदा बाराचा ठोका विसरले. नवे गॅस्केट वेष्टनातून काढून त्यांनी ब्लॉकवर ठेवले, हेड वर चढवले, आणि मधल्या बोल्टापासून कडेच्या बोल्टांकडे, तीन फेऱ्यांत, नेमक्या मापाने दहाही बोल्ट आवळले. चेनवर शेवटी बसवायच्या पुढच्या झाकणाचे गॅस्केट त्यांनी स्वतःच कागदातून बेतले. झाकणाच्या कडेवर जाड कागद धरून छोट्या हातोडीने हलके हलके ठोकत गेले, की धातूची धारच कागद कापते. एरवी या कामात त्यांना संध्याकाळ लागली असती. त्या दिवशी ते दीड तासात झाले. सिलिंडरांची तोंडे मिटली म्हणजे प्रश्न मिटला, अशी घाई त्यांच्या हातांना सुटली होती.

४

राहिली चेन; ती दुसऱ्या दिवशी घेतली. चेन चढवताना पहिला पिस्टन वर, दाबाच्या फेरीत असावा लागतो. वरच्या आणि खालच्या चक्रांवर त्यासाठी खुणा कोरलेल्या असतात. पण खुणांवर विसंबू नये, खात्री करून घ्यावी, असे पुस्तकाचे म्हणणे. खात्रीची रीत जुनी आणि सोपी. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा आणि त्या भोकावर एकाने अंगठा दाबून धरायचा. दुसऱ्याने खालून पान्याने इंजिन हाताने फिरवायचे. पिस्टन वर आला की आतली हवा अंगठ्याला ढकलते. खाली गेला की अंगठा ओढून घेते. पुस्तकात या अंगठ्याचे चित्रही होते.

“मी?” माई म्हणाल्या. “मला बाटलीचं झाकण उघडत नाही, आणि मी इंजिन धरू?”

“धरायचं नाहीये. अंगठा ठेवून उभं राहायचंय. हवेनं ढकललं की म्हणायचं ‘आला’. ओढलं की म्हणायचं ‘गेला’.”

“कोण आला नि कोण गेला?”

“दाब, अगं. दाब.”

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगठ्याला किंमत आली,” असे म्हणत त्या स्टुलावर चढल्या, मडगार्डला पोट टेकवून उभ्या राहिल्या आणि अंगठा भोकावर ठेवला. पंडित लांब दांड्याचा पाना घेऊन फळीवर उताणे झाले आणि ट्रकखाली सरकले. तिथून त्यांना फक्त पुढचे चाक, स्टुलाचे पाय आणि माईंच्या टाचा दिसत होत्या.

त्यांनी पाना ओढला. क्रँक, म्हणजे पिस्टनांना वरखाली हलवणारा दांडा, फिरू लागला.

“आला,” वरून आवाज आला.

त्यांनी क्रँकच्या टोकावरच्या पुलीवर खडूची रेघ मारली. रेघ खुणेवर पडली नाही. खुणेपासून चांगली पाव फेरी दूर पडली.

“नीट दाबून धर. पुन्हा.”

“गेला… आला.”

रेघ पुन्हा तिथेच पडली. तिसऱ्यांदाही तिथेच. पंडित स्वस्थ पडून विचार करू लागले. एकदा चूक ही माणसाची. तीनदा एकाच जागी पडली, तर ती चूक नव्हे, तो पुरावा. सव्वीस वर्षांत चक्रावरच्या खुणा झिजल्या असतील, किंवा मागे कधी कुणी चक्र उलटे बसवले असेल. खूण कोरलेली असते. अंगठा जिवंत असतो. जिवंत अंगठा खोटे कशाला बोलेल?

ते बाहेर आले. चेन सैल करून त्यांनी ती वरच्या चक्रावर एक दात पुढे सरकवली, पुन्हा खाली गेले, पुन्हा फिरवले. थोडा फरक उरला. आणखी एक दात. मग आणखी एक. तिसऱ्या दाताला माईंचा ‘आला’ आणि पुलीवरची खूण एका रेषेत आली.

“बरोब्बर!” पंडित ट्रकखालून ओरडले. जन्मात इतका आनंद त्यांना क्वचितच झाला असेल. पाना छातीवर ठेवून त्यांनी हात पुसायला फडके घेतले.

“गेला,” माई वरून म्हणाल्या. “आला… गेला… आला…”

५

पंडितांचे पुसणारे हात थांबले.

पाना त्यांच्या छातीवर होता. पुली स्थिर होती. तिच्यावरची खडूची रेघ त्यांच्या नाकासमोर हललेलीसुद्धा नव्हती.

“गेला… आला…”

आवाजात थट्टा नव्हती. सासरी आलेल्या पहिल्या वर्षी त्या जात्यावर बसून जशा आपल्यातच गुंगून जात, तसा तो आवाज होता: सपाट, संथ, एकसारखा. स्टुलावरच्या त्यांच्या टाचा प्रत्येक ‘आला’ला किंचित उचलल्या जात आणि प्रत्येक ‘गेला’ला खाली टेकत.

“अगं,” पंडित म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटला. “थांब.”

“आला… का? फिरवा ना तुम्ही. आता कुठे लय लागलीय.”

“मी फिरवत नाहीये.”

“म्हणजे काय? गेला… चांगलं ओढतंय की!”

ते सरपटत बाहेर आले आणि दोन्ही रिकामे हात त्यांनी माईंसमोर धरले. माईंनी त्या हातांकडे पाहिले, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. त्यांनी अंगठा उचलला. तो सहजासहजी सुटला नाही. सुटताना ओलसर आवाज झाला. अंगठ्याचे टोक पांढरेफटक पडले होते आणि त्याभोवती भोकाचे लाल कडे उमटले होते.

“किती वेळ झाला तुम्ही थांबून?” माईंनी विचारले.

पंडितांच्या मनात भलताच प्रश्न उभा राहिला होता. तीन वेळा रेघ एकाच जागी पडली, ती मी फिरवत होतो आणि ही मोजत होती म्हणून? की ही मोजत होती आणि मी त्या मोजणीवर फिरवत होतो? पान्यावरचा हात कुणाच्या तालावर चालला होता, हे त्यांना कितीही आठवून पाहिले तरी सांगता येईना.

“झडपांच्या स्प्रिंगांचा ताण असतो,” ते अखेर म्हणाले. “तो ताण हळूहळू सुटतो. त्यामुळे हवा हलत राहते.”

“असेल बाई,” माई म्हणाल्या आणि स्टुलावरून उतरल्या. उतरल्या म्हणजे अक्षरशः उडी मारून उतरल्या. मग त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मला बरं वाटतंय.”

६

त्या दुपारी माई स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत अकरा वेळा आल्या-गेल्या आणि एकदाही थांबल्या नाहीत. वरच्या फळीवरचे डबे त्यांनी स्वतः उतरवले. जेवताना त्या एका दमात लांबलचक वाक्ये बोलल्या. शेजारणीपासून सुरुवात झाली, पंडितांच्या हट्टी स्वभावावरून वळण घेतले आणि पंडितांच्या मातोश्रींवर शेवट झाला. अकरा वर्षांचे तुंबलेले बोलणे बांध फुटल्यासारखे वाहत होते. फवारा खिडकीत पडून होता.

शिट्टी नव्हती.

पंडित जेवता जेवता ऐकत राहिले. ज्या शांततेसाठी त्यांनी तीन पुस्तके पालथी घातली होती, ती आज समोर बसून जेवत होती. आणि त्यांना घास गिळवत नव्हता. माईंचा श्वास स्वच्छ होता, पण तो फार सारखा होता. माणूस बोलताना श्वास चोरतो, हसताना उधळतो, विचारात पडला की विसरतो. माई हसल्या काय आणि पाणी प्यायल्या काय, त्यांची छाती ठरल्या अंतरानेच वर येत होती आणि ठरल्या अंतरानेच खाली जात होती. पंडितांनी घड्याळ लावून पाहिले. फरक अर्ध्या सेकंदाचाही नव्हता.

“काय मोजताय?”

“काही नाही.”

“मग जेवा. नि उद्या तो ट्रक सुरू करा एकदाचा. मला त्यात बसायचंय.”

खुणांप्रमाणे चेन मागे घ्यावी, तीन दात परत आणावेत, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असे नाही. रात्री तो पुन्हा पुन्हा आला. पण शेजारी माई उशीवर डोके टेकून, आडव्या होऊन झोपल्या होत्या, आणि अकरा वर्षांत त्या बसूनच झोपत आल्या होत्या. अशा झोपेवर पाना कोण चालवील?

७

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडितांनी पुढचे झाकण आणि प्लग बसवले, पाणी आणि तेल भरले, शेडचे दार सताड उघडले. माई आधीच केबिनमध्ये चढून बसल्या होत्या.

किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. एक गचका नाही, की एक ठसका नाही. नव्याने जोडलेले इंजिन असे पहिल्याच हाकेला ओ देत नाही, हे पंडितांना पक्के ठाऊक होते; पण अभिमान ही मोठी आंधळी वस्तू आहे. त्यांनी मान वर करून समोरच्या गॅरेजकडे पाहिले.

“आता मला धाकटीकडे घेऊन चला,” माई म्हणत होत्या. धाकटी म्हणजे त्यांची बहीण. तिचे घर टेकडीवर होते. “तीन वर्षं झाली, चढण चढवत नाही म्हणून गेले नाही. आता चढेन मी. चढून जाईन आणि तिच्या दारातल्या पाय—”

पंडितांनी किल्ली मागे फिरवली. इंजिन थांबले.

वाक्य पुरे झाले नाही. त्यांनी वळून पाहिले. माई पडल्या नव्हत्या, कलंडल्याही नव्हत्या. बोलता बोलता उचललेला हात तसाच वर होता. ओठ अर्ध्या शब्दाच्या आकारात उघडे होते. डोळे पंडितांकडे होते, आणि डोळ्यांत कोणी नव्हते.

“अगं?”

छाती हलत नव्हती. त्यांनी खांदा धरून हलवला; खांदा ऊबदार होता. त्यांनी नाकाशी बोट धरले. काही नाही. फवारा घरात होता, आणि असता तरी तो ओढून घ्यायला आत कुणी नव्हते. दुसरे काही सुचेना म्हणून, केवळ हातांना तेवढेच माहीत होते म्हणून, पंडितांनी किल्ली फिरवली.

“—ऱ्यांवर बसून दोन कप चहा पिईन,” माई म्हणाल्या. “असं काय बघताय? आणि खांदा का धरलाय माझा? दुखतोय ना!”

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. आयुष्यभर जपलेल्या या एका नियमाने पंडितांच्या हातून ते घडवले, ज्याबद्दल ते स्वतःला पुढे कधीच क्षमा करणार नव्हते. त्यांनी किल्ली पुन्हा मागे फिरवली आणि मोजू लागले. एक. माईंचा चेहरा थांबला. दोन. तीन. चारला त्यांच्या ओठांची कड निळसर होऊ लागली, आणि पंडितांनी किल्ली पुढे केली.

इंजिन कुरकुरले. सुरू झाले नाही.

त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा नुसती कुरकुर. बॅटरीचा आवाज खाली खाली जाणारा. पंडितांच्या तोंडून जो शब्द निघाला तो कुठल्याही शब्दकोशात नव्हता. तिसऱ्यांदा, अगदी शेवटच्या ताकदीवर, इंजिन सुरू झाले, आणि माईंनी एक लांब श्वास घेऊन विचारले, “अहो, तुम्ही रडताय का?”

८

मिस्त्री दुपारी आला. दोन तास ते इंजिन एकसारखे चालू होते. रस्त्यापलीकडून त्याच्या कानाला चैन पडेना. पंडित ट्रकच्या पायरीवर बसले होते, हात मांड्यांमध्ये दाबून. माई वर केबिनमध्ये, उघड्या खिडकीशी काहीतरी विणत होत्या. त्यांना खाली उतरू न देण्यासाठी पंडितांनी इतक्या लंगड्या सबबी सांगितल्या होत्या, की माईंनी अखेर हसून विणकाम मागवून घेतले होते.

“पंडित, टायमिंग चुकलंय,” मिस्त्री दारातूनच म्हणाला. “बंद कर आधी.”

“राहू दे.”

“अरे, हट्टाला काही सीमा? चेन किती दात सरकवलीस?”

“तीन.”

मिस्त्री थबकला. “तीन? तीन दातांवर हे सुरूच होणार नाही. मला चाळीस वर्षं झाली या धंद्यात. चालतंय कसं हे?” आणि उत्तराची वाट न पाहता तो किल्लीकडे निघाला. पंडित उठून त्याच्या आड उभे राहिले. हातात सर्वांत मोठा पाना होता, आणि तो त्यांनी कधी उचलला हे त्यांना माहीत नव्हते.

“आधी ऐक,” पंडित म्हणाले. “मग बंद कर म्हण. तुझ्या पद्धतीनं ऐक.”

मिस्त्रीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि वाद घातला नाही. त्याने खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक हेडवर टेकवले आणि मूठ कानाला लावली. इंजिनाच्या पोटातले ऐकण्याची त्याची ही रीत साऱ्या गल्लीला ठाऊक होती. त्याने चौथा सिलिंडर ऐकला, तिसरा ऐकला, दुसरा ऐकला. प्रत्येक वेळी मान हलवली. मग टोक पहिल्यावर ठेवले.

त्याची मान हलली नाही. बराच वेळ तो तसाच वाकून उभा राहिला. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर कानापासून काढला, त्याच्या मुठीकडे पाहिले, पुन्हा कानाला लावला, आणि डोळे वर उचलून केबिनच्या खिडकीकडे नेले. तिथे माई शेजारणीच्या सुनेची कथा सांगत होत्या, कुणी ऐकत आहे की नाही याची पर्वा न करता. मिस्त्रीचे ओठ, नकळत, माईंच्या शब्दांबरोबर हलत होते. खिडकीतून येणाऱ्या शब्दांच्या किंचित आधी.

त्याने हात खाली घेतला.

“टाकीत किती आहे?” त्याने अगदी हळू विचारले.

“पाव.”

“पेट्रोल मी आणतो. चालू असतानाच घालू. पाणीही घालू.” तो थांबला. “पण चेन…”

“किती टिकेल?”

चाळीस वर्षांत ज्या माणसाने कुठल्याही प्रश्नाला “बघतो” असे म्हटले नव्हते, तो मिस्त्री “बघतो” म्हणाला.

“काय कुजबुज चाललीय दोघांची?” माईंनी खिडकीतून डोके बाहेर काढले. “मिस्त्री भाऊजी, सांगा यांना. कानठळ्या बसल्या माझ्या. थांबा, मीच बंद करते आणि चहा टाकते.” आणि त्या आत वाकल्या. त्यांचा हात किल्लीकडे गेला.

“नको!” दोघे एकदमच ओरडले.

इतक्या मोठ्याने, इतक्या एका सुरात, दोन म्हातारे असे ओरडलेले माईंनी कधी ऐकले नसावे. किल्लीवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि त्या हसू लागल्या. मोकळ्या गळ्याने, भरल्या छातीने, शिट्टीचा लवलेश नसलेले हसू. पंडितांनी ते अकरा वर्षांत ऐकले नव्हते.

त्या हसण्याच्या ऐन मध्यावर इंजिनाचा एक ठोका चुकला. हसण्याचाही चुकला.

मग दोन्ही पुन्हा सुरू झाले.

माईंच्या काही लक्षात आले नव्हते. त्या डोळे पुसत होत्या. मिस्त्रीने पंडितांकडे पाहिले नाही. त्याने मडगार्डवर बोट टेकवले, डोळे मिटले, आणि पुढचा ठोका किती वेळाने चुकतो ते मोजायला सुरुवात केली.